हायमास्टखालचा शनी

वीज गेली नाही, अशी लेखी तक्रार करणारा ग्राहक या जिल्ह्यात माझ्याआधी झाला नसावा. तक्रार पूर्णपणे कायदेशीर होती. भारनियमनाचे वेळापत्रक वीज कंपनीने स्वतः प्रसिद्ध केले होते. त्यानुसार धारूरच्या डोंगरपट्ट्यातील आमच्या गावात शनिवारी सायंकाळी अंधार असणे अपेक्षित होते. त्या वेळापत्रकावर विसंबून मी लोकांना आकाश पाहायला बोलावले होते, आणि ऐन वेळी गावातले सगळे दिवे लखलखत राहिले. सेवेतील कसूर म्हणतात ती याहून निराळी काय असते? कंपनीचे उत्तर आले की, आपल्या अर्जाचा आशय या कार्यालयास समजला नाही, तरी वीज नसल्याची वेळ कळवावी. मी उलट टपाली कळवले की, वीज होती, हीच तक्रार आहे. त्यानंतर एक वायरमन घरी आला आणि मीटर न पाहता माझ्या पत्नीला विचारता झाला, "काकू, काकांची तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत बरी आहे," ती म्हणाली, "म्हणून तर लिहितात."

मी आयुष्यभर दिवाणी न्यायालयात लिपिक होतो. एका बांधासाठी तीन पिढ्या भांडणारी घराणी मी रोज पाहिली. दिवसभर जमिनीचे वाद नोंदवले की संध्याकाळी माणसाला आपोआप मान वर करावीशी वाटते. वर कोणाचा सातबारा नाही, कोणाची वहिवाट नाही, आणि शेजाऱ्याने बांध कोरल्याची तक्रार नाही. अर्थात छंद नोकरीच्याही आधीचा. लहानपणी ज्वारी राखायला वडिलांबरोबर माळ्यावर झोपत असे, तेव्हा त्यांनी सप्तर्षी दाखवले होते. आमच्याकडे त्यांना खाटलं म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीच्या खाटेचे खूर आणि मागचे तीन म्हणजे ती खाट पळवणारे चोर. मी विचारले होते की, चोर इतके स्पष्ट दिसत असताना त्यांना कोणी पकडत का नाही? वडील म्हणाले, "झोप." प्रशासनाकडून मला मिळालेले ते पहिले उत्तर.

दुर्बीण मी स्वतः केली. तिचा आरसा अंगणात बसून काचेवर काच घासत, कित्येक महिने, हाताने घडवला. "एवढ्या घासण्यात गावजेवणाची चटणी वाटून झाली असती," असे पत्नीने त्या काळात अनेकदा नमूद केले. नळीसाठी शेतातल्या पाइपलाइनचा जाड पाइप वापरला आणि तो लाकडी बैठकीवर असा बसवला की बोटाने ढकलला तरी फिरावा. गावाने तिला पहिल्याच दिवशी तोफ म्हटले, आणि ती मी धारूरच्या किल्ल्यावरून गुपचूप आणली असल्याची बातमी शेजारच्या गावात पोहोचली. त्या बातमीचा खुलासा मी तीन ठिकाणी लेखी दिला आहे. गरज कोणालाच नव्हती; परंतु खोटी नोंद तशीच राहू देणे माझ्या रक्तात नाही.

दर शनिवारी सायंकाळी, पावसाळा वगळता, मारुतीच्या देवळामागच्या मोकळ्या मैदानात मी ही दुर्बीण लावू लागलो. शनिवार निवडण्यामागे दुसऱ्या दिवशी सुटी असते एवढेच कारण होते. परंतु शनिवारी सारे गाव मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ घेऊन येते. साडेसाती असलेल्यांची तर रांगच लागते. देवळातून बाहेर पडावे, तर समोर एक लांबलचक काळा पाइप, आणि शेजारी एक गृहस्थ ओरडून सांगत आहे, "या, शनी पाहा!" लोकांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या दृष्टीने सरळ होता. पहिल्या हंगामातच पाइपाला रुईची माळ पडली. पुढच्या शनिवारी कोणीतरी बैठकीपाशी उडीद ठेवले. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, मी एका मुलीला चंद्रावरची विवरे समजावून सांगत असताना, एका आजीने वाटीतले उरलेले तेल पाइपाच्या तोंडातून सरळ आत सोडले.

ते तेल माझ्या आरशावर पडले. मी काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. आजी मात्र शांत होत्या. "रागावू नको बाबा, गोडं तेल हाय," त्या म्हणाल्या.

आरसा काढून, साबणाच्या पाण्यात कापसाने अलगद धुऊन मी पुन्हा बसवला आणि मैदानात फलक लावला. फलकावर पाच कलमे होती. दुर्बिणीस तेल, शेंदूर, हळद अथवा तत्सम द्रव्य वाहू नये. दुर्बिणीस प्रदक्षिणा घालू नये. दुर्बीण हे पाहण्याचे साधन असून ती कोणत्याही देवतेचे स्थान नाही. आणि असेच पुढे. फलक लोकांनी आदराने वाचला. त्यानंतर नमस्कार करताना चपला काढू लागले.

तरीही मी सांगतो, ते दिवस सुखाचे होते. मैदानात अंधार होता. देवळातली समई आणि पूर्वेला क्षितिजावर परळीच्या दिव्यांचा पिवळा पट्टा, एवढाच उजेड. मग हायमास्ट आला.

ज्यांनी आमच्या भागात प्रवास केला आहे त्यांना हायमास्ट सांगावा लागणार नाही. रस्ता नसेल, गटार नसेल, नळाला पाणी नसेल. परंतु पुढाऱ्याने निधी आणला आहे याचा पुरावा म्हणून नारळाच्या झाडाहून उंच खांब उभा राहतो आणि त्याच्या डोक्यावर दिव्यांचे कडे पेटते. आमच्या गावच्या पुढाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी हा खांब देवळामागच्या मैदानात, माझ्या दुर्बिणीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर उभा केला. त्याच्या बुडाशी लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली अण्णांच्या कार्यकर्त्याच्या खिशात. लोकार्पणाच्या भाषणात अण्णा म्हणाले, "आता रात्रीचा दिवस झाला!" टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. रात्रीचा दिवस करण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली मिळतो, हे मी त्याच आठवड्यात माहिती अधिकारात विचारले.

मागणी माझी अगदी माफक होती: दर शनिवारी सायंकाळी दोन तास दिवा बंद ठेवावा. ग्रामपंचायतीने अर्ज ठेवून घेतला. मी पंचायत समितीकडे गेलो. तेथून जिल्हा परिषदेकडे, तेथून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. प्रत्येक ठिकाणी माझ्या अर्जावर एक शेरा वाढला आणि तो "पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव" खाली सरकत सरकत अखेर आमच्याच ग्रामसेवकांच्या टेबलावर येऊन पडला. ते तो घेऊन माझ्याच घरी आले.

"काका, याला उत्तर द्यायचंय," ते म्हणाले. "मला अशी भाषा जमत न्हाई. तुमीच लिहून द्या, मी सही करतो."

अर्ज मी केलेला, उत्तरही मीच लिहायचे. दुसऱ्या कोणी आपल्या बाजूने निकाल लिहिला असता. परंतु मी नियम तपासले. गावातील दिवा ठरावीक वेळी बंद ठेवण्याबाबत नागरिकास मागणी करता येईल अशी स्पष्ट तरतूद मला कोठेही आढळली नाही. म्हणून मी लिहिले, "सबब अर्जदाराची मागणी मान्य करता येत नाही." ग्रामसेवकांनी सही केली. चहा घेतला. जाताना म्हणाले, "लई मुद्देसूद लिवता राव तुमी." त्याच दिवशी मी त्या उत्तराविरुद्ध अपील दाखल केले आणि त्यात ते उत्तर कसे एकांगी आणि अविचारी आहे हे सविस्तर दाखवून दिले.

हे सर्व असेच वर्षानुवर्षे चालू राहिले असते. परंतु त्या वर्षी माझ्या गल्लीत राहणारी एक बाई मध्ये पडली.

ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि निम्मे गाव कारखान्यांच्या वाटेने रिकामे होते. ते परतते उन्हाळा लागल्यावर. ज्योतिषाने या बाईला साडेसाती सांगितलेली. तेव्हापासून म्हैस आटली तरी शनी, सासू चिडली तरी शनी, आणि जावेचा नवा मोबाइल हरवला तोही हिच्याच शनीमुळे, असे घरात ठरलेले. ती दर शनिवारी मुकाट्याने तेल घाली. परंतु तिच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती तिने मला अंगणात येऊन सांगितली.

"काका, मला त्याचं तोंड बघायचंय. इतकी वर्सं माज्या घरात बसलाय. पाव्हणा कोण हाय ते एकदा बघू तर द्या."

मी तिला सांगितले की शनी हा एक ग्रह असून तो कोणाच्याही घरात बसत नाही. ती म्हणाली, "बरं. मग कुटं बसतो ते दाखवा."

ही मागणी रास्त होती. अडचण अशी की, त्या सुमाराच्या वर्षांत शनी संध्याकाळी सोयीच्या जागी येई तो पाऊस उघडल्यावर. ती फडातून परत येई तेव्हा तो सूर्याआड गेलेला असे. मधल्या काळात ती दुसऱ्या जिल्ह्यात ऊस तोडत असे. म्हणजे ढग हटल्यापासून ट्रॅक्टर येईपर्यंत, एवढीच तिची मुदत. त्या वर्षी पाऊस लांबला. दिवाळी झाली. मुकादमाने सोमवारचा ट्रॅक्टर सांगितला. मध्ये एकच शनिवार उरला, आणि त्या शनिवारी मैदानात हायमास्ट पेटलेला असणार होता.

"शेतात न्या ना तिला," पत्नी म्हणाली. "शेतात कुठं आहे खांब?"

शेताच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी होती आणि अंधार पडल्यावर तिकडे कोणी फिरकत नव्हते. परंतु माझे खरे उत्तर वेगळे होते, आणि ते मी दिले. "प्रश्न शेताचा नाही. सार्वजनिक मैदानावरील नागरिकाच्या हक्काचा आहे. आज मी शेतात गेलो, तर उद्या माझा हक्क संपला, असा अर्थ काढला जाईल."

बाई दारात उभी होती. ती म्हणाली, "हक्काचं तुमी बघा, काका. मला शनी दाखवा."

मी त्या शनिवारी सायंकाळी दुर्बीण मैदानातच लावली. हायमास्ट पेटला होता. जमिनीवर पाइपाची सावली इतकी ठळक होती की तिच्यावर कोणी बसावे. शनी तसा तेजस्वी ग्रह आहे, उजेडातही सापडतो. परंतु डोळा भिंगाला लावला की बाजूने दिव्याचा झोत घुसे, आणि माणसाला भिंगात स्वतःच्याच पापण्या दिसत. बाई आली, वाकली, डोळे चोळून पुन्हा वाकली.

"काका, मला माजाच डोळा दिसतोय."

मी शर्ट काढून तिच्या डोक्यावर झाकण धरण्याचा विचार करीत होतो, तेवढ्यात देवळाच्या दाराशी गाडी थांबली आणि अण्णा उतरले. निवडणूक तोंडावर होती, आणि अण्णांनाही साडेसाती निघाली होती. मागे एक कार्यकर्ता तेलाचा डबा घेऊन; वाटी नव्हे, डबा. मारुतीला अभिषेक करून बाहेर येताना त्यांनी गर्दी पाहिली आणि गर्दी पाहिल्यावर थांबले.

"काय चाललंय काका? तक्रार कुणाची हाय आज?"

"तक्रार आपल्याच दिव्याविरुद्ध आहे," मी म्हणालो. "परंतु ती अपिलात आहे. आज शनी दाखवतो आहे."

शनी म्हटल्यावर अण्णांनी टोपी सरळ केली. वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. "काहीच दिसत न्हाई की."

मी पुढे होऊन प्रकाश प्रदूषणाबाबत त्यांना समजावणार होतो. वाक्य मनात तयार होते. परंतु ती बाई माझ्या आधी बोलली.

"दिसंल कसा, अण्णा? तुमी त्याच्या डोळ्यातच लाइट मारलीय. तोंड फिरवून बसलाय तो."

कोणीतरी मागून म्हणाले, "खरंय की. म्हणून तर अण्णांनाबी..." आणि वाक्य तेथेच सोडले. अर्धवट वाक्याने जे होते ते माझ्या पूर्ण अर्जांनी कधी झाले नव्हते. अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"किल्ली कुणाकडं हाय बे?" ते ओरडले. "बंद कर! आदी बंद कर!"

कार्यकर्ता पेटीकडे धावला. खटका पडला, आणि आमच्या गावावर काही वर्षांनी पहिल्यांदा रात्र झाली. लहान मुलांनी आरोळी ठोकली. मग हळूहळू डोळे सरावले आणि वर सगळे आकाश जागच्या जागी असल्याचे लोकांना दिसू लागले.

मला आनंद व्हायला हवा होता. परंतु माझ्या बाजूने निकाल लागला होता तो संपूर्णपणे चुकीच्या कारणावर. असा निकाल मान्य करणे म्हणजे त्याच्या कारणांनाही मान्यता देणे होय. मी घसा साफ केला. पत्नीने माझी बाही ओढली. ती बाही सोडवून मी म्हणालो, "एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. शनी येथून शंभर कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे. या दिव्याचा त्याला कोणताही त्रास होत नाही. झालाही नव्हता."

अण्णा अंधारात माझ्याकडे वळले. "म्हणजे लाइट चालू केली तर चालतंय?"

कार्यकर्त्याचा हात अजून पेटीवरच होता. बाई माझ्याकडे पाहत होती. तिला सोमवारी जायचे होते. मी एक अक्षर खोटे बोलणार नव्हतो, हे तिलाही ठाऊक असावे. कारण तिने डोळे मिटून घेतले.

"शनीला चालेल," मी म्हणालो. "आम्हाला चालणार नाही. आम्हाला दिसत नाही."

एवढेच माझे म्हणणे होते. चार कार्यालयांत पानेच्या पाने भरून मी हेच लिहिले होते. परंतु इतके थोडक्यात कधी लिहिले नव्हते. अण्णांनी क्षणभर विचार केला. त्यांचा विचार शनीचा होता की मतदारांचा, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. "ऱ्हाऊ दे बंद," ते म्हणाले. "दर शनवारी ऱ्हाऊ दे. आणा, बघू."

मी शनी भिंगात आणला. अण्णांनी पाहिला आणि लगेच तक्रार केली. "काका, चित्रात तर कडं असतंय. हितं नुसती काडी हाय. सुईत मणी ओवल्यागत."

दर पंधरा वर्षांच्या सुमारास शनीचे कडे आपल्याला अगदी काठाकडून दिसते, आणि ते वर्ष नेमके तेच होते. "भाकरी समोरून धरली तर गोल दिसते," मी सांगितले, "आणि काठाकडून पाहिली तर रेघ. कडे तेथेच आहे."

"माज्याच टायमाला बरं आडवं झालं," अण्णा म्हणाले आणि बाजूला झाले.

मग बाई वाकली. या वेळी तिने एक डोळा तळहाताने झाकून घेतला, मी शिकवले नसताना. कितीतरी वेळ ती हललीच नाही. मग आतून, पाइपाला सांगावे तसे, म्हणाली, "एवढुसाच?"

तिने डोळा भिंगाच्या आणखी जवळ नेला.

"आं? एवढुसाच हायस व्हय रं तू?"

मागे रांग लागली होती. कोणीतरी म्हणाले, "ए वहिनी, सरक की, आमालाबी बघायचंय."

"गप रे," ती डोळा न काढता म्हणाली. "साडेसात वर्सं तो माज्याकडं बघतोय. मला दोन मिनटं बघू दे."

दुर्बिणीत ग्रह स्थिर राहत नाही. पृथ्वी फिरते, म्हणून तो भिंगाच्या एका कडेकडे सरकत जातो, आणि पाइप पुन्हा पुन्हा बोटाने ढकलून त्याला मध्ये आणावे लागते. अण्णांच्या वेळी मी ते काम मुकाट्याने केले होते. तिच्या वेळी माझा हात पुढे झाला, तोच ती म्हणाली, "काका, तो निघाला. सरकतोय... कडंला गेला."

"थांबा, आणतो पुन्हा."

तिने न बघताच माझे मनगट धरले. कोयता चालवणारा हात होता. माझे मनगट जागच्या जागी राहिले. "आणू नका," ती म्हणाली. "जातोय तर जाऊ द्या."

मी तिच्या लक्षात आणून दिले की तो जात नसून आपण फिरत आहोत. ती म्हणाली, "कुनीबी फिरा." आणि शनी भिंगाबाहेर जाईपर्यंत पाहत राहिली. मग सरळ उभी राहिली आणि आपल्या नवऱ्याला मोठ्याने म्हणाली, "गेला!"

पुढे जे झाले त्याला माझी संमती नव्हती, हे मी येथे स्पष्टपणे नोंदवतो. अण्णा रांग मोडून पुन्हा पुढे आले. हलक्या आवाजात म्हणाले, "काका, मगाशी तुमी त्याला सारकं मदी आणत होता. मलाबी जरा जाऊ द्या की."

"हा वैज्ञानिक कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"आमी कुटं न्हाई म्हनतो? तुमी फक्त ढकलू नका."

शनी मध्ये आणला, हात मागे घेतला, आणि अण्णांनी तो जाताना पाहिला. त्यांच्यामागून सगळी रांग तेच मागू लागली. शनी पाहायचा नव्हताच कोणाला. जाताना पाहायचा होता. ज्यांना साडेसाती नव्हती तेही खबरदारी म्हणून उभे राहिले. माझी पत्नी उभी राहिली. प्रत्येकासाठी मी त्याला मध्ये आणायचे आणि हात पाठीमागे बांधून थांबायचे, आणि प्रत्येक वेळी संतापाने तेच वाक्य म्हणायचे: तो जात नाही, पृथ्वी फिरते आहे.

इतकी वर्षे या मैदानात मी पृथ्वीचे फिरणे समजावून सांगत आलो; हातात मोसंबी घेऊन, कंदील घेऊन, फळ्यावर काढून. ते प्रत्यक्ष होताना पाहण्याइतका वेळ एकही माणूस भिंगापाशी कधी टिकला नव्हता. त्या संध्याकाळी गावातला एकेक माणूस श्वास रोखून, डोळ्याची पापणी न हलवता, ते शेवटपर्यंत पाहून गेला.

"पुढचा," मी ओरडत होतो. "भिंगाला हात लावू नका. पृथ्वी फिरते आहे. पुढचा."